पुण्याच्या जुन्या पेठांत पहिल्यांदा फिरताय? दुकानं, खाणं आणि जुन्या वस्तू, पायरी-पायरीने

पुण्यात नवीन आलेली मंडळी मला सारखी विचारतात, जुनी तांब्या-पितळेची भांडी कुठे मिळतील, जुना बाजार नक्की कुठे भरतो, आणि गेलो तर फसणार तर नाही ना. तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच असतं, क्रम नीट ठेवा. आधी बघायचं, मग हातात घ्यायचं, मग विचारायचं आणि पैसे सगळ्यात शेवटी काढायचे. बहुतेक लोक उलटं करतात, सुट्टीच्या दिवशी थेट जुन्या बाजारात जातात, ऊन डोक्यावर येईपर्यंत फिरतात आणि दमल्यावर जे समोर दिसेल ते उचलून आणतात. मग घरी आल्यावर कळतं की 'दीडशे वर्षं जुना' दिवा मागच्या वर्षी ओतलेला आहे.

खाली दिलेला क्रम मी स्वतः वापरतो आणि पाहुण्यांनाही याच क्रमाने फिरवतो. सगळं एका दिवसात बसवायचा अट्टहास करू नका, दोन वेगवेगळे दिवस ठेवलेत तर मजा येईल.

१. दिवस आणि वेळ आधी ठरवा

जुना बाजार फक्त बुधवारी आणि रविवारी भरतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. मला स्वतःला बुधवार आवडतो कारण रविवारी गर्दी इतकी असते की वस्तू हातात घेऊन शांतपणे बघता येत नाही आणि विकणाऱ्यालाही दोन शब्द बोलायला वेळ नसतो. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत चांगला माल गेलेला असतो.

पेठांमधली बरीच छोटी दुकानं अजूनही दुपारी एक ते चार बंद असतात. चितळ्यांनी २०१७ पासून दुपारची सुट्टी बंद केली पण म्हणून सगळ्या पुण्याने केली असं समजू नका. सकाळचं फिरणं एकच्या आत उरका, दुपारी जेवा, म्युझियम बघा, आणि संध्याकाळी पाचनंतर परत गल्ल्यांत शिरा.

गणपतीचे दहा दिवस खरेदीसाठी टाळा. देखावे बघायला जरूर या, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाचही गणपती याच भागात आहेत, पण रस्ते बंद असतात आणि भांड्याच्या दुकानात उभं राहायलाही जागा नसते.

२. गाडी घरी ठेवा, मेट्रोने या

हे मी कळकळीने सांगतोय. पेठांत पार्किंग शोधण्यात जो वेळ जातो त्यात दोन आळ्या बघून होतात. स्वारगेटच्या मेट्रो लाइनवर कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्टेशनं अगदी मध्यात आहेत. तांबट आळी आणि फडके हौद बघायचा असेल तर कसबा पेठला उतरा, तुळशीबाग, मंडई आणि केळकर म्युझियमसाठी मंडईला. जुन्या बाजारासाठी दुसऱ्या लाइनवरचं मंगळवार पेठ, म्हणजे आरटीओजवळचं स्टेशन सोयीचं पडतं, तिथून चालत जाता येतं.

उतरल्यावर मॅपवर फार विसंबू नका, गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की निळा ठिपका शेजारच्या बोळात दिसतो. लोकांना विचारा, पण विचारताना पेठ, मग चौक, मग जवळचा देव असं विचारा. इथे पत्ता देवावरून सांगतात, जिलब्या मारुती, सोन्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. "जिलब्या मारुतीपाशी या, तिथून डावीकडे" हा पूर्ण पत्ता आहे.

पेठांची नावं वारांवरून असली तरी बाजार त्या वारी भरतोच असं नाही. कसबा सगळ्यात जुनी, बाकीच्या नंतर वसल्या, काहींची नावंही आधी वेगळी होती. सोमवार पेठ म्हणजे शहापुरा, रविवार म्हणजे मलकापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर. जुनी कागदपत्रं किंवा नाव कोरलेली वस्तू बघताना ही नावं माहीत असलेली बरी.

३. सोबत काय घ्यायचं

- छोटं लोहचुंबक. साधं फ्रिजवरचं चालेल पण जरा ताकदीचं असेल तर उत्तम.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तसं.
- खिशात मावेल असा डिजिटल वजनकाटा, नाणी बघणार असाल तरच.
- मोबाइलचा टॉर्च आणि पुरेसं चार्जिंग.
- मोजपट्टी. घरातल्या कोनाड्याचं, शेल्फचं माप आधी लिहून घ्या.
- दोन जाड कापडी पिशव्या आणि जुने पेपर. चिनी मातीची बरणी पेपरशिवाय घरी नीट पोचत नाही.
- दहा, वीस, पन्नास, शंभरच्या सुट्ट्या नोटा. यूपीआय जवळपास सगळीकडे चालतं, पण जमिनीवर कापड टाकून बसलेल्या आजींशी व्यवहार नोटेनेच सोपा होतो.
- पाण्याची बाटली, टोपी आणि बंद बूट. जुन्या बाजारात खिळे, पत्रे, काचा खाली पडलेल्या असतात.

कागदपत्रं म्हणाल तर साधी खरेदी करायला काही लागत नाही. वस्तू परदेशात न्यायची असेल तर मात्र वेगळं प्रकरण आहे, ते पुढे दहाव्या पायरीत.

४. पहिला मुक्काम केळकर म्युझियम

पैसे खर्च करायच्या आधी बाजीराव रोडजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. दिनकर गंगाधर केळकर, कवी म्हणून 'अज्ञातवासी', यांनी गावोगाव फिरून हा संग्रह जमवला, आपला लहानपणी गेलेला मुलगा राजा याच्या नावाने उभा केला आणि १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकला. राजेरजवाड्यांपेक्षा साध्या घरातल्या वस्तू इथे जास्त आहेत आणि म्हणूनच आपल्यासाठी ही शाळा आहे. अडकित्ते, वज्र्या, कुंकवाचे करंडे, पानदान, लामणदिवे, समया, दौती, गंजिफा, दारं, वाद्यं.

सगळं बघायला जाऊ नका, दोनच गोष्टी निवडा. समजा अडकित्ते आणि दिवे. प्रत्येक अडकित्त्याचं खिळीचं टोक बघा, दांड्यांचा उतार बघा, जिथे अंगठा लागतो तिथली झीज बघा. वापरलेली वस्तू हाताच्या जागीच झिजते, सगळीकडे सारखी झिजत नाही. हे एकदा डोळ्यात बसलं की बाजारात ॲसिडने काळी केलेली, सगळीकडे एकसारखी जुनाट दिसणारी वस्तू लांबूनच ओळखू येते. तासभर पुरेसा आहे. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही बघून घ्या.

५. तांबट आळी, इथे घाई करायची नाही

कसबा पेठेत शिरलात की आधी कानाला कळतं. ठक ठक ठक असा एका लयीतला आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येतो, मग दुसऱ्या घरातून दुसरा, जरा जड. इथली तांबट कुटुंबं पेशवाईच्या काळात कोकणातून आली, भांडी घडवायची, दरबाराची कामं करायची. त्यांच्या कालिकादेवीचं देऊळही इथेच आहे.

मठारकाम बघायला मिळालं तर उभे राहा. कारागीर मांडी घालून बसतो, समोर जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडं आडवं चढवतो, आणि गुळगुळीत घासलेल्या हातोडीने एका ओळीत ठोके देत भांडं बोटाने इंचभर फिरवत जातो. प्रत्येक ठोक्याने एक छोटा चकचकीत खळगा पडतो आणि पुढचा ठोका त्याला खेटूनच. ओळ संपली की खालची ओळ सुरू. हे नक्षीसाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला ताकद येते, चमक ही त्याच्यासोबत येते. जवळून बघा, खळगे सारखे दिसले तरी एकही दुसऱ्यासारखा नसतो. मशीनने छाप मारलेल्या तांब्याच्या बाटलीवर खळगे अगदी एका मापाचे असतात आणि आतून हात फिरवला तर तिथेही तसाच उठाव लागतो.

इथे वागायचं कसं? फोटो काढायच्या आधी विचारा, "काका, एक फोटो काढू का?" एवढंच. काम चालू असताना मध्ये हात घालू नका. आणि शक्यतो काहीतरी घ्या किंवा काम द्या. घरात आजीचा तांब्या, पातेलं, घंगाळ पडलेलं असेल तर कल्हईला, चेपलं असेल तर सरळ करायला इथे आणा. पूर्वी घरोघरी पाणी तापवायचे बंब असायचे, ते गेले आणि या आळीचं मोठं काम गेलं. आता हॉटेलं, फार्महाऊस, शोभेच्या वस्तू यांच्या ऑर्डरी येतात. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेने या कारागिरांसोबत नवीन डिझाइनचं कामही केलंय. पण शेजारच्या इमारतीतून कोणी आवाजाची तक्रार करतं आणि पोरं दुसऱ्या नोकरीला जातात, त्यामुळे हा आवाज टिकायचा असेल तर आपण गिऱ्हाईक म्हणून जायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ऑर्डर देताना चार गोष्टी स्पष्ट करा, पत्र्याची जाडी, अंदाजे वजन, आतून कल्हई पाहिजे की नको, आणि कधी मिळेल. तारीख वहीत लिहून घ्यायला सांगा आणि आदल्या दिवशी फोन करा.

तिथून सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ जवळ आहे. पुण्यात असं दगडी कोरीवकाम फार कमी ठिकाणी दिसतं, दारावर गेंडाही कोरलेला आहे. पंधरा मिनिटं द्याच.

६. खाणं मध्ये मध्ये, एकदम नाही

पेठांतलं खाणं वेळेशी बांधलेलं आहे. मिसळ सकाळी खायची, दुपारी गेलात तर संपलेली असेल. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ जरा गोडसर, सोबत स्लाइस ब्रेड. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनची झणझणीत. फडके हौदाजवळच्या वैद्यांकडे हिरवट रश्श्याची जुन्या वळणाची मिसळ मिळते, तिखटाची सवय नसेल तर तिथून सुरुवात करा. कोल्हापूरची किंवा नाशिकची मंडळी पुण्याच्या मिसळीला नावं ठेवतात, ठेवू देत, प्रत्येक गावचा रस्सा वेगळा असायलाच पाहिजे.

चहा अमृततुल्यमध्येच घ्या. पुण्यातल्या अमृततुल्यांची सुरुवात सोन्या मारुती चौकातल्या 'आद्य'पासून झाली असं जुने लोक सांगतात. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी हा धंदा इथे रुजवला. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर, चहा एकत्र उकळतो आणि वर खलबत्त्यात कुटलेलं आलं-वेलची पडते. दुकानदारांशी ओळख इथेच होते. भांड्यांच्या दुकानात जे कोणी सांगणार नाही ते चहाच्या बाकड्यावर शेजारी बसलेले आजोबा सांगतात, कोणत्या वाड्याचं सामान निघालंय, कोण जाणकार आहे, कोणाकडे जायचं नाही.

दुपारी लक्ष्मी रोडवर पूना गेस्ट हाऊसला मराठी पद्धतीचं जेवण मिळतं. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये ते सुरू केलं. संध्याकाळी सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीपाशी सुजाताची मस्तानी, घट्ट मिल्कशेकवर आइस्क्रीमचा गोळा. आंब्याची घ्या. आणि ती घ्यायची असेल तर आधी भेळ, वडा, पॅटीस काही नको.

७. तुळशीबाग, मंडई, बोहरी आळी: नवीन वस्तू इथे

जुनंच पाहिजे असा हट्ट नसेल तर घरातल्या निम्म्या गोष्टी इथे होतात. तुळशीबाग आता बांगड्या-कानातल्यांसाठी ओळखली जाते, पण आत राममंदिर आहे, नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी १७६१ मध्ये बांधायला घेतलेलं. आजूबाजूला पूजेची उपकरणी, ताम्हनं, पळी-पंचपात्री, निरांजनं आणि पितळेची भातुकली मिळते. भातुकलीचा बंब, जातं, सूप, रवी, बारीक बारीक वस्तू, सुटी एकेक घेता येते.

मंडईची इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना ज्या जोतीराव फुल्यांनी या बांधकामावर पैसा उधळायला विरोध केला होता, त्यांचंच नाव आज तिला आहे. आत शिरून वर बघा, मधला अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून निघालेले बाहू खालून छान कळतात. जवळच्या बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या, सुपं, करंड्या. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत कड्या, बिजागरी, कुलपं, पॅकिंगचं सामान. जुन्या पेटीला जुन्या वळणाची कडी पाहिजे असेल तर मूळ कडी सोबत न्या, फोटोवर माप कळत नाही.

८. आता जुना बाजार

लोकांच्या तोंडी जुना बाजार चौक म्हणजे शाहीर अमर शेख चौक, मंगळवार पेठेच्या बाजूला. इथे सगळंच असतं, स्पॅनर, नळ, कपडे, बूट, घड्याळं, टेप, कॅमेरे, नाणी, भांडी, रेकॉर्डी. जुन्या वस्तूंवाले सगळ्यांत मिसळून बसलेले असतात, वेगळी रांग शोधू नका.

पहिली फेरी हात खिशात ठेवून. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, काय कुठे आहे ते लक्षात ठेवायचं, भाव विचारायचा नाही. भाव विचारला की तुम्ही गिऱ्हाईक झालात आणि मग पुढे निघणं अवघड जातं. दुसऱ्या फेरीत दोन-तीनच ठिकाणी थांबा.

मोबाइल, लॅपटॉप, गाडीचे पार्ट बिलाशिवाय घेऊ नका, कितीही स्वस्त असोत. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे आणि पोलिसांपुढे "मला काय माहीत" हे उत्तर पुरत नाही. पाकीट पुढच्या खिशात, सॅक पोटावर.

९. वस्तू तपासायची कशी

भांडी. आधी चुंबक लावा. तांबं, पितळ, कासं, चांदी, कशालाच चिकटत नाही. चिकटलं म्हणजे आत लोखंड आहे आणि वर मुलामा. मग भांडं उजेडाकडे धरून आत टॉर्च मारा. जुनं हाताने घडवलेलं भांडं बऱ्याचदा दोन-तीन तुकडे झाळून केलेलं असतं आणि आतल्या बाजूला दातेरी जोड दिसतो, करवतीच्या दातांसारखी एक रेघ, जिच्यात एका पत्र्याचे दात दुसऱ्यात बसवलेले असतात. ती रेघ दिसली की मला फार आनंद होतो. मशीनवर फिरवून केलेल्या भांड्यात असा जोड नसतो, गोल गोल वर्तुळं असतात. गंगा-जमनी तांब्या, म्हणजे अर्धा तांब्याचा अर्धा पितळेचा, घेताना दोन धातू जिथे मिळतात तो जोड बोटाने चाचपा आणि जमलं तर पाणी भरून बघा.

कासं ओळखायचं आवाजावरून. वाटी बोटांच्या टोकांवर अलगद ठेवा आणि नखाने टिचकी मारा. काशाचा नाद लांबत जातो, पितळेचा लगेच बसतो. नाद तुटका आला तर तडा आहे.

भांड्यावर नाव घातलेलं असेल तर ते नीट वाचा. लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यांवर कोणी कोणाला कधी दिलं ते कोरायची आपल्याकडे पद्धत आहे, त्यामुळे वस्तूचं वय तिच्यावरच लिहिलेलं सापडतं. तारीख शके असेल तर त्यात ७८ मिळवा, शके १८५० म्हणजे १९२८ साल, चैत्रापासून पुढचं. विक्रम संवत असेल तर साधारण ५७ वजा करा. काही विक्रेते नाव घासून काढतात म्हणजे भांडं 'क्लीन' दिसेल. तुम्ही नाव असलेलंच घ्या आणि घरी आणून बफिंगला, म्हणजे मशीनच्या पॉलिशला, टाकू नका.

नाणी. इथे सगळ्यात जास्त बनवाबनवी चालते. 'ईस्ट इंडिया कंपनीचं' रामदरबाराचं किंवा हनुमानाचं नाणं दाखवतात, तांदूळ ओढून घेतं म्हणतात, लाखांची किंमत सांगतात. कंपनीने असली नाणी कधीच पाडली नाहीत, सरळ पुढे जा. ब्रिटिश राजवटीतला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो, वापराने थोडा कमी भरेल, पण साडेदहा किंवा साडेबारा भरला तर ठेवून द्या. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे हेही लक्षात ठेवा. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया, ज्यावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि सरकारने तो मागे घेतला, तो महाग जातो म्हणून त्याच्या नकलाही असतात. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति'. ठोकून पाडलेल्या नाण्याची अक्षरं काठाबाहेर जातात, कडा वेड्यावाकड्या असतात. ओतीव नकलेला भिंगातून बारीक बुडबुडे दिसतात आणि कडेने जोडाची रेघ फिरते. अशी रेघ दिसली की बोलणं तिथेच थांबवा.

ग्रामोफोन. पितळी चकचकीत कर्णा, खाली अष्टकोनी पेटी आणि वर कुत्र्याचं स्टिकर, असं दिसलं तर जवळपास नक्की नवी जुळवणी आहे. शोभेला घ्यायचा तर शोभेच्या भावात घ्या. रेकॉर्डी मात्र खऱ्या मिळतात. ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या जड आणि ठिसूळ असतात, तिरप्या धरून केसासारखा तडा आहे का बघा. बालगंधर्वांची नाट्यपदं अजून निघतात. त्या एलपीच्या सुईवर वाजवू नका, दोन्ही खराब होतील.

चित्रं. रविवर्मा प्रेसची म्हणून लक्ष्मी-सरस्वती दाखवतात. जुनी फ्रेम, जुनी काच, आत नवा प्रिंट, हा नेहमीचा प्रकार. भिंग लावा, ओळीत बसलेले बारीक रंगीत ठिपके दिसले तर आजकालची छपाई. जुन्या दगडी छाप्याच्या चित्रात रंगाचे कण अनियमित, वाळूसारखे पसरलेले दिसतात.

१०. भाव, आणि काय घ्यायचंच नाही

बाजारात जायच्या आधी एखाद्या भांड्याच्या दुकानात पितळ-तांब्याच्या मोडीचा आजचा भाव विचारून घ्या. हा तळाचा भाव, याच्या खाली कोणी देणार नाही. त्यावर जे काही द्याल ते घडणावळीचं आणि जुनेपणाचं. वस्तूचं वजन गुणिले मोड, आणि मग स्वतःला विचारा की वरचे पैसे मला पटतात का. बोलणं साधं ठेवा.

"मामा, हा करंडा कसा दिला?"
"आठशे."
"झाकणाची बिजागरी गेलीय, पाचशेला जमतंय का बघा."
"साडेसहाच्या खाली नाही परवडत ताई."

इथे थांबा. पन्नास रुपयांसाठी उन्हात बसलेल्या माणसाशी ओढाताण करू नका. आणि वस्तूला नावं ठेवून भाव पाडायचा प्रयत्न तर अजिबात नको, खोट दाखवा, अपमान करू नका. दुकानातून घेत असाल तर बिल घ्या, त्यावर धातू, वजन आणि वस्तूचं वर्णन लिहून घ्या. 'ॲंटिक' म्हणून जास्त पैसे घेत असतील तर तो शब्द आणि अंदाजे काळही बिलावर लिहायला सांगा. लिहायला तयार नसतील तर उत्तर मिळालं.

आता कायदा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, नाणं वगैरे, आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरावशेष ठरतात. ती देशात घेता-ठेवता येतात, पण त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. देशाबाहेर तर आपल्याला नेताच येत नाहीत. अमेरिका, दुबई, लंडनला राहणारे नातेवाईक सुट्टीत येतात आणि बॅगेत भांडी भरतात, त्यांना हे आधीच सांगा. शंभरच्या आतली पण जुनी दिसणारी वस्तू न्यायची असेल तर बिल, चारही बाजूंचे फोटो आणि 'पुरावशेष नाही' असं पुरातत्त्व खात्याचं सर्टिफिकेट हाताशी असू द्या. त्याला वेळ लागतो, तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावू नका. यापेक्षा तांबट आळीतून नवीन घडवून न्या, कस्टमला बिल दाखवा आणि निर्धास्त जा.

हस्तिदंताचं काहीही, बांगडी असो की फणी, विकत घेऊ नका, वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. कासवाची पाठ, हरणाची शिंगं, कातडी, तेच. देवळातून निघालेली वाटणारी दगडी मूर्ती, वीरगळाचा तुकडा, ताम्रपट कोणी दाखवला तर लांब राहा. तो गावाचा ठेवा आहे, आपल्या दिवाणखान्याचा नाही.

११. घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी फक्त कोमट पाणी, मऊ ब्रश आणि साधा साबण. लगेच कोरडं पुसा. चिंच-मीठ किंवा पितांबरी रोजच्या वापराच्या भांड्याला ठीक आहे, पण नक्षी, कोरलेलं नाव किंवा जुना मुलामा असलेल्या वस्तूला घासत बसू नका, अक्षरं पुसट होतात. नाण्यांना तर काहीच लावू नका, घासलेल्या नाण्याची किंमत जाते.

तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवायचं असेल तर आतून कल्हई हवीच, नाहीतर आमटी, ताक, चिंच, कोकम असलं आंबट कळकतं आणि पोटाला बाधतं. कल्हई समोर उभं राहून करून घ्या. भांडं तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो, कथलाची कांडी आत टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवतात, काळं पडलेलं पोट बघता बघता चांदीसारखं होतं. कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारा, ओळखीच्या कारागिराकडेच द्या. धुरापासून लहान मुलांना लांब ठेवा. कल्हई केलेल्या भांड्याला तारेची घासणी लावायची नाही आणि रिकामं भांडं गॅसवर ठेवायचं नाही, कथील वितळून ओघळतं. आतून लालसर किंवा पिवळं दिसायला लागलं की परत आळीत न्यायचं.